कोणते दंत महाविद्यालय? एका प्रश्नामागची शंभर वर्षे

नीटचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की वाशीम, मंगरूळपीर, कारंजा, रिसोड या भागातल्या पालकांचे फोन येऊ लागतात. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. जीवशास्त्राशी माझा संबंध नाही. पण ज्या घरातले पहिलेच मूल अशा शिक्षणाला निघालेले असते, त्या घराला सल्ल्यासाठी शाळेतला कोणताही मास्तर चालतो. पूर्वी या फोनवर एकच प्रश्न असायचा, "सर, नंबर लागेल का?" अलीकडे दुसराही प्रश्न येऊ लागला आहे, "सर, बीडीएसला दोन ठिकाणी नंबर लागला. कोणते कॉलेज घ्यावे?"

दोन ठिकाणी नंबर कसा लागतो, हे आधी सांगतो. राज्यातल्या शासकीय आणि खाजगी दंत महाविद्यालयांचे प्रवेश राज्य सीईटी कक्ष करतो. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा आणि अभिमत विद्यापीठांच्या जागा दिल्लीहून एमसीसी भरते. याद्या दोन, तारखा वेगळ्या. त्यामुळे एकाच मुलीचे नाव राज्याच्या यादीत एका कॉलेजसमोर आणि दिल्लीच्या यादीत दुसऱ्या कॉलेजसमोर दिसू शकते. मग घरात बैठक बसते. मामू एक सांगतात, फुप्पा दुसरेच सांगतात, आणि ज्याने दोन्ही कॉलेजे पाहिलेली नाहीत त्याचा आवाज सर्वांत मोठा असतो.

या बैठकीत चार प्रश्न हमखास निघतात. कॉलेज सरकारी की खाजगी? मान्यता पक्की आहे का? खर्च किती? आणि घरापासून किती लांब? या चारही प्रश्नांना इतिहास आहे. तो माहीत असला तर निवड सोपी होते, असा माझा अनुभव आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा प्रश्नच कोणाला पडू शकत नव्हता. दंतवैद्यकाचे जगातले पहिले स्वतंत्र महाविद्यालय अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८४० साली निघाले. हिंदुस्थानात त्यानंतर ऐंशी वर्षे तसे काही नव्हते. दात दुखला तर हकीम, वैद्य, न्हावी, नाही तर बाजारात चटई टाकून बसणारा दात उपटणारा. मोठ्या शहरांत चिनी दंतवैद्यांची दुकाने होती. साहेबलोकांसाठी विलायतेहून शिकून आलेले मोजके डॉक्टर होते. ज्याला हे शास्त्र रीतसर शिकायचे होते, त्याला समुद्र ओलांडावा लागे.

तो ओलांडणाऱ्यांत एक नाव डॉ. रफीउद्दीन अहमद यांचे. जन्म २४ डिसेंबर १८९०, पूर्व बंगालमधला. अलीगढच्या मोहामेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते अमेरिकेला गेले आणि आयोवा विद्यापीठातून १९१५ साली दंतवैद्यकाची पदवी घेतली. बोस्टन शहरात लहान मुलांच्या दातांवर उपचार करणारी फोर्सिथ इन्फर्मरी नावाची संस्था होती, तिथे त्यांनी काही वर्षे काम केले. तिकडे राहून चांगले पैसे कमावता आले असते. ते परत आले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय सुरू केले.

पैसा कुठून आला, हे वाचून मला पहिल्यांदा हसू आले होते. सरकारचे अनुदान नव्हते, कोणा नवाबाची देणगी नव्हती. डॉक्टरसाहेबांनी कलकत्त्यात 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे आइस्क्रीमचे दुकान चालवले आणि त्याच्या कमाईतून कॉलेज उभे केले. लोकांना गोड खाऊ घालून त्या पैशातून दातांचे डॉक्टर तयार करायचे! सुरुवातीला विद्यार्थी अवघे अकरा होते. अभ्यासक्रमही छोटा होता, तो वाढत वाढत चार वर्षांचा झाला. १९२५ साली त्यांनी बंगालमध्ये दंतवैद्यांची संघटना बांधली, नियतकालिक सुरू केले आणि ते अनेक वर्षे स्वतः संपादित केले. १९२८ साली विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले. १९४९ साली हे हाताने वाढवलेले कॉलेज त्यांनी सरकारच्या स्वाधीन केले. आज ते डॉ. आर. अहमद यांच्याच नावाने ओळखले जाते. पश्चिम बंगालच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते, १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस आता राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो. आपल्या मोहल्ल्यात बीडीएस झालेल्या मुलामुलींना हे नाव विचारून पाहा. बहुतेकांना ठाऊक नसते.

मुंबईची गोष्टही जवळपास अशीच आहे. १९२१ साली असहकाराच्या वातावरणात मुंबईत नॅशनल मेडिकल कॉलेज निघाले. डॉ. ए. एल. नायर यांनी आपल्या आईच्या नावाने रुग्णालय उभारून दिले. त्याच परिवारात १९३३ साली नायर दंत महाविद्यालय सुरू झाले. १९४६ साली हा सगळा पसारा मुंबई महापालिकेच्या हाती गेला. लाहोरला डी मॉन्टमोरेन्सी यांच्या नावाचे दंत महाविद्यालय याच दशकातले. म्हणजे १९३० नंतरच्या काळात, हिंदुस्थानातल्या विद्यार्थ्याला, तेही पैसेवाल्या घरातल्या, पहिल्यांदा म्हणता आले की कलकत्त्याला जाऊ, मुंबईला जाऊ की लाहोरला. निवडीचा प्रश्न तिथे जन्मला.

त्याआधीची एक विद्यार्थिनी पाहा. फातिमा जिना मुंबईत वाढल्या, वांद्र्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्या. मुंबईत तेव्हा दंत महाविद्यालय नव्हते, म्हणून त्यांना कलकत्ता गाठावे लागले. डॉ. अहमद यांच्या संस्थेत शिकून त्यांनी १९२३ साली मुंबईत स्वतःचा दवाखाना उघडला. त्यांचे पुढचे राजकारण हा वेगळा विषय आहे आणि त्याबद्दल मतभेद असणारच. पण शंभर वर्षांपूर्वी एका मुस्लिम घरातली अविवाहित तरुणी या किनाऱ्यावरून देशाच्या त्या टोकाला शिकायला गेली, ही नोंद आपल्या कामाची आहे. "मुलीला नागपूरपर्यंत कसे पाठवावे?" असे मला विचारणाऱ्या पालकांना मी ही हकिकत सांगतो.

आता मान्यतेचा प्रश्न. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात दातांचे काम करणारे हजारो लोक होते आणि त्यांतले पदवीधर फार थोडे. १९४८ साली दंतवैद्य कायदा आला आणि १९४९ साली भारतीय दंत परिषद स्थापन झाली. या कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले. 'अ' भागात मान्य पदवी घेतलेले. 'ब' भागात पदवी नसलेले, पण कायद्याआधी किमान पाच वर्षे हाच धंदा करून पोट भरणारे. जुन्या कारागिरांची रोजी एका फटक्यात बंद करायची नाही आणि पुढे मात्र शिक्षणाशिवाय कोणाला या कामात येऊ द्यायचे नाही, असा तो समजूतदार मार्ग होता. आज आपण कॉलेजची मान्यता तपासतो, ती या कायद्याची देणगी आहे. २०२३ साली संसदेने या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट आहे. १९९८ साली नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हापासून राज्यातल्या शासकीय आणि खाजगी दंत महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना एकच विद्यापीठ परीक्षा घेऊन पदवी देते. अभिमत विद्यापीठे आपली परीक्षा आणि पदवी स्वतः देतात. मुंबईचे कॉलेज असो की अकोल्याजवळचे, नाशिकच्या विद्यापीठाची प्रश्नपत्रिका सारखीच येते. "त्या कॉलेजची डिग्री भारी" असे बैठकीत कोणी म्हटले, तर त्याला हे जरूर सांगावे.

वऱ्हाडाच्या वाट्याला हे सगळे उशिरा आले. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ साली सुरू झाले. त्याआधी वाशीमच्या मुलाला दंतवैद्यक शिकायचे तर मुंबईच. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय १९८२ सालचे. आता नकाशा पाहा. आपला जिल्हा विदर्भाच्या काठावर आहे, रिसोड तालुका तर मराठवाड्याला लागूनच. रिसोडहून नागपूरपेक्षा औरंगाबाद जवळ पडते. पण प्रवेशाचा जुना नियम किलोमीटर मोजत नव्हता. राज्याचे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग केलेले होते. प्रत्येक भागातल्या ७० टक्के जागा त्याच भागात शिकलेल्या मुलांसाठी आणि ३० टक्के बाहेरच्यांसाठी. त्यामुळे रिसोडच्या मुलासाठी नागपूर घरचे आणि औरंगाबाद परके होते. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ही ७०:३० ची पद्धत रद्द केली. मराठवाड्यातली मुले बरीच वर्षे तिच्याविरुद्ध तक्रार करत होती, कारण त्यांच्या भागात कॉलेजे कमी होती. रद्द झाल्यावर आपल्या मुलांना औरंगाबाद आणि मुंबईचे दार अधिक उघडले, पण नागपुरातली राखीव सावलीही गेली. आज पसंतीक्रमात आपण पाहिजे ते कॉलेज पाहिजे त्या क्रमाने लिहितो, ती मोकळीक इतकी नवी आहे.

आता सर्वांत नाजूक प्रश्न, खाजगी कॉलेजचा. डॉ. अहमद यांचे कॉलेज खाजगीच होते. नायरही सरकारने काढलेले नव्हते. त्या काळी खाजगी याचा अर्थ होता, कोणी तरी स्वतःच्या खिशातून समाजासाठी काढलेले. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांना परवानगी मिळू लागली आणि या शब्दाचा अर्थ पालटला. आता खर्च विद्यार्थ्याच्या खिशातून निघू लागला. देणगीच्या नावाखाली इतकी वसुली सुरू झाली की १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फी बंद करणारा कायदा करावा लागला. तरी वाद थांबला नाही. १९९२ चा मोहिनी जैन खटला, १९९३ चा उन्नीकृष्णन खटला, २००२ चा टी. एम. ए. पै खटला, असे एकामागून एक निकाल आले.

या मालिकेतला २००५ चा निकाल आपल्या राज्यातला आणि आपल्या समाजाशी थेट जोडलेला आहे. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र शासन. इनामदार म्हणजे पुण्याच्या आझम कॅम्पसचे. त्याच आवारात एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १२ ऑगस्ट २००५ रोजी सांगितले की विनाअनुदानित खाजगी संस्थांवर, त्या अल्पसंख्याकांच्या असोत वा नसोत, सरकारला आपला कोटा किंवा आरक्षण लादता येणार नाही. पण त्याच निकालात हेही सांगितले की प्रवेश गुणवत्तेवर आणि पारदर्शक पद्धतीने झाले पाहिजेत, कॅपिटेशन फी घेता येणार नाही आणि फीवर देखरेख ठेवता येईल. निकालाचा पहिला अर्धा भाग संस्थाचालकांना आठवतो. दुसरा अर्धा पालकांनी आठवला पाहिजे, कारण आज फी ठरवणारे शुल्क नियामक प्राधिकरण त्याच विचारावर उभे आहे. २०१५ च्या राज्य कायद्याखाली हे प्राधिकरण प्रत्येक खाजगी कॉलेजची फी ठरवते. ठरलेल्या फीपेक्षा जास्त कोणी मागितली तर ती देऊ नये आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये.

मुलींच्या बाबतीत खर्चाचे गणित २०२४ साली आणखी बदलले. आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्याने घेतला. बागवान, मोमीन, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. खाजगी अभिमत विद्यापीठे मात्र या योजनेच्या बाहेर आहेत. याचा अर्थ, दोन यादींत नाव लागलेल्या मुलीसमोर एका बाजूला जवळजवळ शून्य शुल्क आणि दुसऱ्या बाजूला दरवर्षी लाखांतली फी असू शकते. हा फरक जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला हातात असेल तरच मिळतो. हे कागद दहावीपासून जमवायला लागावे. फेरी सुरू झाल्यावर तहसीलला धावून वेळ पुरत नाही.

भाषेचाही एक प्रसंग इथे नोंदवतो, कारण तो माझ्या विषयाचा आहे. २०१७ साली नीट दहा भाषांत झाली. त्यात मराठी होती, उर्दू नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१८ पासून उर्दूचा समावेश झाला. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट होती. तरी मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो की परीक्षा उर्दूत देता आली तरी पेशंट उर्दूत बोलेलच असे नाही. नागपूरच्या ओपीडीत वऱ्हाडी मराठी बोलणारी आजी येईल, तिला "कुठं ठणकते?" असे विचारता आले पाहिजे.

पेशंटचा विषय निघाला म्हणून मुख्य मुद्द्यावर येतो. बीडीएस चार वर्षांचे आणि वर पाचवे वर्ष इंटर्नशिपचे. पहिली दोन वर्षे बरेचसे पुस्तक आणि प्रयोगशाळा. तिसऱ्या वर्षापासून विद्यार्थी खुर्चीजवळ उभा राहतो. इतके दात काढायचे, इतके भरायचे, इतक्या कवळ्या बसवायच्या, असे त्याच्या नावावर काम असते. कॉलेजात पेशंटच येत नसतील तर हे काम कागदावर पुरे होते आणि हात कच्चा राहतो. भिंतीवरचा संगमरवर हात तयार करत नाही. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय मेडिकलच्या आवारात आहे, औरंगाबादचे घाटीच्या आवारात, मुंबईचे सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात. गरीब माणसाची वाट आधीच तिथे पडलेली आहे. फोर्सिथमध्ये गरीब मुलांचे दात तपासत डॉ. अहमद यांचा हात तयार झाला, तोच हा मार्ग.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका माजी विद्यार्थिनीसमोर हीच निवड होती. राज्याच्या यादीत विदर्भातले एक खाजगी कॉलेज, दिल्लीच्या यादीत लांबचे एक अभिमत विद्यापीठ. वडील फळांची गाडी लावतात. नातेवाइकांचा कल दुसऱ्याकडे होता, कारण त्याची इमारत मोबाईलवर फार सुंदर दिसत होती. मी वडिलांना एवढेच म्हणालो की शेजारच्या कॉलेजात कामाच्या दिवशी सकाळी जा, आणि कोणाला भेटू नका, फक्त ओपीडीच्या बाकावर बसा. ते दोन तास बसून आले. म्हणाले, "सर, बसायला जागा मिळत नव्हती." मुलीने तेच कॉलेज घेतले. आता ती इंटर्नशिप करते आहे. घरावर कर्ज नाही.

प्रत्येकाने जवळचेच कॉलेज घ्यावे असे मी म्हणत नाही. लांबचे शासकीय आणि जवळचे खाजगी यांत निवडायचे असेल, तर मी सहसा लांबचे शासकीयच सांगतो. समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा, मालेगावच्या बाजूने जातो, त्यामुळे नागपूर आणि औरंगाबाद दोन्ही पूर्वीइतकी लांब राहिलेली नाहीत. अल्पसंख्याक संस्थेत आपल्या मुलांसाठी जागा असतात आणि मुलींना तिथे मोकळे वाटते, हेही खरे. पण तिथेही फी आणि पेशंट हे दोन प्रश्न विचारायचेच. संस्था आपली आहे म्हणून ते विचारायला संकोच नको.

या निवडीत आपल्या जिल्ह्याचाही वाटा आहे. वाशीमला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, दंत महाविद्यालय मात्र नाही. आणि तोंडाचे रोग इथे भरपूर आहेत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा प्रत्येक चौकात घोटला जातो. तिशीतल्या पोरांची तोंडे दोन बोटेही उघडत नाहीत. त्यातून कॅन्सर होतो आणि तो कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. अशी तोंडे रोज पाहून शिकलेली मुलगी परत येऊन मंगरूळपीरला किंवा रिसोडला बसली, तर ती नुसते दात काढणार नाही, वेळेत ओळखून माणसे वाचवेल. लाखांचे कर्ज डोक्यावर असलेल्या डॉक्टरला तालुक्याच्या गावी बसणे परवडत नाही. तो मोठ्या शहरात जातो, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही.

म्हणून पुढच्या फेरीत ज्यांच्या घरी दोन याद्या येतील, त्यांनी चार गोष्टी या क्रमाने कराव्यात. दोन्ही कॉलेजांची मान्यता त्या वर्षीची आहे ना, ते तपासावे. ठरलेली फी आणि वसतिगृह, हत्यारे, साहित्य यांचा पाच वर्षांचा खर्च एका कागदावर मांडावा. शक्य असेल तर दोन्हीकडे कामाच्या दिवशी सकाळी जाऊन ओपीडीची रांग पाहावी, आणि अंतिम वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारावे, "तू स्वतःच्या हाताने किती दात काढलेस?" हे झाल्यावरच स्टेटस रिटेन्शनच्या फॉर्मवर सही करावी. आणि त्या बैठकीत एक खुर्ची मुलीसाठीही ठेवावी, कारण पाच वर्षे तिथे तिला काढायची आहेत.